गेटवरचा स्टिकर : मोबाइलमधल्या व्हायरसच्या अभ्यासाची प्रस्तावना

चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या वाहन कंपनीच्या गेटवर पहिल्या पाळीच्या वेळी दहा मिनिटे उभे राहावे. बसगाड्या येऊन थांबतात, माणसे रांगेत लागतात, ओळखपत्र मशीनवर टेकते आणि सिक्युरिटीचा माणूस हात पुढे करतो. फोन त्याच्या हातात जातो. तो मागच्या कॅमेऱ्यावर एक बारीक स्टिकर डकवतो, पुढच्या कॅमेऱ्यावर दुसरा, आणि फोन परत देतो. पाळी सुटल्यावर स्टिकर जागच्या जागी आहे ना, हे पाहिले जाते. आत तयार होणाऱ्या गाडीचा फोटो बाहेर जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. व्यवस्था साधी आहे, स्वस्त आहे आणि हेतूपुरती चोख आहे.

पण तोच फोन खिशात घालून माणूस आत जातो तेव्हा त्याच्यासोबत बँकेचे मेसेज जातात, पगाराची स्लिप जाते, पीएफचा नंबर, आधारचा फोटो, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट, ठेकेदाराचा ग्रुप, लाइनवरचा ग्रुप आणि गावाकडचा भावकीचा ग्रुपही जातो. स्टिकरने फोनचा डोळा झाकला. कान, स्मरण आणि किल्ल्यांचा जुडगा उघडाच राहिला. त्या फोनात एखादे परके ॲप शिरून बसले असेल, तर त्याला कॅमेऱ्याची गरजही नसते. त्याला हवा असतो सहा आकडी ओटीपी, आणि तो मेसेजच्या पेटीत आपसूक येऊन पडतो.

हे परके ॲप कसे बनते, कसे शिरते, आत काय करते आणि त्याला कसे अडवावे, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. त्याच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाचे स्वागत करताना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा केवळ संगणकशास्त्राचा प्रांत नाही. तो भाषेचा आहे, कामाच्या पद्धतींचा आहे, कायद्याचा आहे आणि माणसाच्या घाईचाही आहे. म्हणूनच ज्याने कधी प्रोग्रॅम लिहिला नाही, पण भोसरीच्या शॉपफ्लोअरवर दहा वर्षे रिजेक्शनची कारणे शोधली, त्याला या विषयात वाटते त्यापेक्षा जास्त गती असू शकते. का, ते पुढे येईलच.

आधी शब्द. विषाणू हा शब्द या भागाला नवा नाही. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पिंपरीत १९५४ मध्ये पेनिसिलीनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलीन जिवाणूवर चालते, विषाणूवर चालत नाही. रोगाचे नाव चुकले की औषधही चुकते. आपल्या विषयातही नेमके हेच होते. फोनमध्ये काहीही बिघडले की ‘व्हायरस आलाय’ असे म्हणून आपण मोकळे होतो. फोन तापतो, हँग होतो, बॅटरी दुपारीच संपते. यातले बरेचसे दुखणे जुनी बॅटरी, भरलेली मेमरी आणि उन्हातला डॅशबोर्ड यांचे असते. उलट खरे घातकी ॲप शहाण्या चोरासारखे गप्प बसते. फोन नीट चालू राहण्यातच त्याचा फायदा असतो.

शास्त्रात तीन नावे वेगळी ठेवतात. स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटवून पसरतो तो व्हायरस. १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम करून दाखवला आणि त्याचे गुरू लेन ॲडलमन यांनी त्याला हे नाव सुचवले. कोणाच्या पाठीवर न बसता स्वतःच जाळ्यातून सरकत जातो तो वर्म, म्हणजे किडा. आणि भलतेच सोंग घेऊन येतो, मालकाच्याच हाताने आत घेतला जातो, तो ट्रोजन. आज आपल्याकडे फोनमधला व्हायरस म्हणून जे ओळखले जाते, ते बहुतेक वेळा या तिसऱ्या जातीचे असते. बोलीतला शब्द बदलण्याचा हट्ट मी धरणार नाही. फक्त बोलताना ‘व्हायरस’ म्हणावे आणि तपासताना जात पाहावी.

आपल्या कायद्यानेही ही व्याख्या केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकात व्हायरस सोडण्याचा उल्लेख आहे आणि व्हायरस कशाला म्हणावे, याचे स्पष्टीकरण तिथेच दिले आहे. २००८ च्या दुरुस्तीने ‘संपर्क उपकरण’ ही संज्ञा कायद्यात आली आणि तिच्यात मोबाइल फोन नावानिशी बसला. कलम ६६ सी दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे, ६६ डी तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. अभ्यासकाने ही कलमे सुरुवातीलाच वाचून ठेवावीत, कारण कुतूहलाच्या भरात दुसऱ्याच्या फोनवर केलेला ‘प्रयोग’ही याच कलमांखाली येतो.

फोन कसा पडतो, हे समजून घ्यायला चाकणचाच संग्रामदुर्ग उपयोगी पडतो. १६६० मध्ये शाईस्तेखानाच्या फौजेने या भुईकोटाला वेढा दिला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो जवळपास दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली भुयार नेऊन सुरुंग उडवला, तट फुटला आणि मग गड गेला. दार आतून कोणी उघडले नव्हते. फोनवरच्या हल्ल्यांचे दोन मोठे वर्ग करायचे तर एकाला सुरुंग म्हणावे आणि दुसऱ्याला सोंग. सुरुंगाच्या हल्ल्यात फोनच्या प्रणालीतली फट शोधून, मालकाच्या नकळत तट फोडला जातो. सोंगाच्या हल्ल्यात तट शाबूत असतो. ओळखीचा वेष पाहून मालकच दिंडी उघडतो.

सुरुंगाची उदाहरणे जगभर गाजली. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाने अँड्रॉइडमधल्या त्रुटी उघड झाल्या; नुसता व्हिडिओचा मेसेज येऊन पडला तरी फोन धोक्यात येऊ शकत होता. २०१६ मध्ये टोरोंटोच्या सिटिझन लॅबने हेरगिरी करणाऱ्या पेगाससचा माग काढला, आणि २०१९ मध्ये तर व्हॉट्सॲपच्या न उचललेल्या कॉलमधूनही तो शिरू शकतो असे दिसले. ही हत्यारे फार महाग असतात आणि निवडक माणसांवरच चालवली जातात. आयफोन आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. पेगाससने आयफोनच फोडले होते. पण निगडीत खोली करून राहणाऱ्या ऑपरेटरसाठी कोणी सुरुंग खणत बसत नाही. त्याच्यासाठी सोंग पुरते, आणि ते स्वस्तात पुरते.

सोंगाची परंपरा मोबाइलवरच्या हल्ल्यांइतकीच जुनी आहे. जून २००४ मध्ये समोर आलेला कॅबिर हा फोनवरचा पहिला किडा मानला जातो. तो नोकियाच्या सिम्बियन फोनांवर ब्लूटूथने पसरत असे. जवळच्या फोनवर ‘फाइल घ्यायची का?’ असे विचारी. नको म्हटले की पुन्हा विचारी, आणि कंटाळून माणूस कधीतरी ‘हो’ दाबे. २००५ च्या हेलसिंकीतल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत, गर्दीने भरलेल्या स्टेडियममध्ये, तो फोनाफोनांत फिरला. कॅबिरने कोणाचा पैसा नेला नाही, फक्त बॅटरी खाल्ली. पण आजच्या सगळ्या फसवणुकीचे मर्म त्यात होते: दार फोडू नये, दारातल्या माणसाला थकवावे.

२०१० मध्ये अँड्रॉइडवर व्हिडिओ प्लेअरच्या वेषात आलेले ॲप महागड्या क्रमांकांवर गुपचूप एसएमएस पाठवू लागले आणि धंद्याला तोंड फुटले. २०१२ मध्ये यजिन झोउ आणि शुक्सियान जियांग यांनी १,२६० घातकी ॲप गोळा करून त्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. त्यांतली ८६ टक्के ॲप ही चांगल्या, लोकप्रिय ॲपचे पाकीट फोडून, आत घाण भरून, पुन्हा बंद केलेली होती. २०१९ मध्ये एजंट स्मिथ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकाराने जगात सुमारे अडीच कोटी फोन गाठले, त्यांतले सुमारे दीड कोटी एकट्या भारतातले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर आपत्कालीन यंत्रणेने ड्रिनिकबद्दल इशारा दिला. आयकर परताव्याच्या नावाने येणारे ते ॲप सत्तावीसपेक्षा जास्त बँकांच्या ग्राहकांवर डोळा ठेवून होते. व्हिडिओ प्लेअरपासून आयकरापर्यंतचा हा प्रवास नीट पाहावा. सोंग करमणुकीकडून कागदपत्रांकडे सरकले आहे.

आता एक फाइल जवळून पाहू. भोसरीच्या लहान वर्कशॉपात ‘चलन’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. जॉबवर्कचा माल प्लेटिंगला निघाला की सोबत चलन, हीट ट्रीटमेंटहून परत आला की त्याचे चलन. चलनाशिवाय गेटवरून नट हलत नाही. डिस्पॅचला बसलेल्या पोराच्या व्हॉट्सॲपवर चलनाचे फोटो आणि फाइली दिवसभर येत असतात. आणि दुसरे चलन वाहतूक पोलिसांचे. एमएच १४ ची दुचाकी, नाशिक फाट्यावरचा सिग्नल, तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी. दंड पडला असेल ही शंका कोणालाही येऊ शकते. अलीकडच्या वर्षांत देशभर ‘आरटीओ चलन’, ‘वाहन परिवहन’ अशा नावांच्या एपीके फाइली व्हॉट्सॲपवरून फिरल्या, त्या नेमक्या या शंकेवर बसण्यासाठी. ज्याच्या कामातच चलन उघडणे आहे, त्याला ‘अनोळखी फाइल उघडू नका’ हा उपदेश किती पुरेल?

एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवण्याची पेटी. फोटो नुसता पाहिला जातो, पीडीएफ वाचली जाते, एपीके मात्र बसवावी लागते. तिच्यावर बोट ठेवले की फोन आधी अडवतो: या मार्गाने आलेली ॲप बसवू द्यायची का? फाइलसोबतच्या मेसेजमध्ये ‘सेटिंगमध्ये जाऊन परवानगी चालू करा’ असे लिहिलेलेच असते. ॲप बसते, सरकारी वाटणारे बोधचिन्ह दाखवते आणि एसएमएस वाचण्याची, पाठवण्याची परवानगी मागते. काही ॲप आणखी पुढे जाऊन ॲक्सेसिबिलिटीची सोय मागतात. ही सोय अंध आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचायचे आणि त्यांच्या वतीने बटण दाबायचे, हे तिचे काम. तीच चोराच्या हाती गेली की तो पडदा वाचतो आणि बटणेही दाबतो. मग ॲपचे चिन्ह नाहीसे होते. माणसाला वाटते, फाइल उघडलीच नाही, चुकीची असेल. तो फोन खिशात टाकून बस पकडतो.

त्या क्षणापासून येणाऱ्या प्रत्येक एसएमएसची प्रत दुसरीकडे जाऊ लागते. बँकेचा ओटीपी जातो. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्याचा कोडही एसएमएसनेच येतो, तोही जातो. मग त्या माणसाच्याच खात्यावरून तीच फाइल त्याच्या सगळ्या ग्रुपांत पडते: लाइनचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप. सोंग घेऊन आलेला ट्रोजन इथे किड्यासारखा पसरू लागतो आणि लोकांच्या तोंडचा ‘व्हायरस’ हा शब्द वेगळ्या अर्थाने खरा ठरतो. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल माणूस दहादा तपासतो. मेहुण्याच्या नंबरवरून आलेली लग्नपत्रिका कोण तपासतो?

सोंगे गावाप्रमाणे बदलतात. पाइपने गॅस मिळणाऱ्या पुणे-पिंपरी परिसरात गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएलच्या थकीत बिलाच्या नावाने फाइली फिरल्या. त्याआधी ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हा मेसेज राज्यभर फिरला आणि महावितरणला वारंवार खुलासे करावे लागले. तिथे व्हायरसऐवजी फोनचा पडदा दुसऱ्याच्या हाती देणारी रिमोट ॲप वापरली जात. लग्नसराईत पत्रिका, आयकराच्या हंगामात परतावा. चोर पंचांग पाहून काम करतो. म्हणून मराठीतल्या अशा मेसेजांचा भाषिक अभ्यास ही या विषयाची एक पूर्ण शाखा आहे. आजवर मोडक्या मराठीवरून मेसेज ओळखता येत असे. यंत्राने केलेले भाषांतर सुधारत चालल्याने ती खूण पुसट होत आहे. आता तपासायची ती शुद्धता नव्हे, तर वेळ, घाई आणि मागणी. खरे बिल ॲप बसवायला सांगत नाही.

पिंपरी-चिंचवडला मोठ्या यंत्रणांवरच्या हल्ल्यांचाही अनुभव आहे. २०२१ मध्ये इथल्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि निगडी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये शेजारच्या पुण्यात कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घातकी प्रणाली घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. बनावट कार्डांनी पैसे काढण्याचे काम अठ्ठावीस देशांत झाले. हे हल्ले फोनवरचे नव्हते. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या खिशातही फोन असतो आणि त्या फोनवरही ओटीपी येतो. फोन लहान म्हणून धोका लहान, असा हिशेब इथे चालत नाही.

या भागाचे दुसरे अंगही नोंदवले पाहिजे. व्हायरसशी लढण्याचा भारतीय उद्योग ज्या शहरांत वाढला, त्यांत पुणे अग्रभागी आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून क्विक हील उभे राहिले. दुरुस्तीच्या टेबलावर शास्त्राचा जन्म होऊ शकतो, एवढेच मला यातून सांगायचे आहे. आज पिंपरी कॅम्पात किंवा चाकणच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलेला मुलगा असे दूषित फोन आपल्या टेबलावर पाहतो. पण तो फोन फॉरमॅट करतो, दोनशे रुपये घेतो आणि पुरावा पुसून टाकतो. त्याला नोंद ठेवायला कोणी शिकवलेले नाही.

आता सुरुवातीला सांगितलेल्या शॉपफ्लोअरच्या मुद्द्याकडे येतो. फसवणुकीची बातमी छापून आली की खाली शेरा ठरलेला असतो: लोक अडाणी आहेत, लोभी आहेत. कारखान्यात असा शेरा मारणाऱ्या क्वालिटी इंजिनिअरला ऑडिटर उभे करणार नाही. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी चूक होऊच नये अशा बेताने जिग आणि फिक्स्चर करण्याची पद्धत मांडली. तिचे आधीचे नाव होते बाका-योके, म्हणजे मूर्खरोधक. १९६३ मध्ये एका कारखान्यातली कामगार स्त्री ते ऐकून रडली: मी इतकी मूर्ख आहे का? शिंगोंनी नाव बदलून पोका-योके, म्हणजे चूकरोधक, केले. आज चाकणच्या प्रत्येक ट्रेनिंग रूममध्ये हा शब्द भिंतीवर लागलेला असतो. मोबाइल सुरक्षेची आपली चर्चा मात्र अजून बाका-योकेवरच अडली आहे.

त्याच भिंतीवरचे ‘व्हाय-व्हाय ॲनालिसिस’ इथे लावून पाहू. पैसे का गेले? ओटीपी बाहेर गेला. तो का गेला? ॲपला एसएमएस वाचण्याची परवानगी होती. ती का दिली? परवानगी दिल्याशिवाय ॲप पुढे जाऊ देत नव्हते, आणि त्या परवानगीने काय काय उघडते हे पाटीवरून कळत नव्हते. फाइल का उघडली? ओळखीच्या नंबरवरून, रोजच्या कामाच्या नावाने आली. फोनने नुसते विचारण्यापलीकडे का अडवले नाही? चार वर्षे जुना, हातबदल केलेला फोन. कंपनीने त्याचे सुरक्षा अपडेट थांबवले होते. आणि सगळा विश्वास एका एसएमएसवर का टाकला होता? हा शेवटचा ‘का’ ऑपरेटरच्या हातातला नाही. तो बँकांना, नियामकांना आणि फोन बनवणाऱ्यांना विचारायचा आहे.

चूकरोधक उपाय येतच नाहीत असे नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची सोय सहज देता येत नाही. २०२४ मध्ये गूगलने धोकादायक परवानग्या मागणारी बाहेरची ॲप बसण्याआधीच रोखण्याचा प्रयोग भारतात सुरू केला. चोरांनी फार वापरलेली, स्टार-हॅशचा कोड दाबून कॉल दुसरीकडे वळवण्याची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली. एसएमएसच्या ओटीपीखेरीज इतर मार्गांना वाव देणारे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले. यातला प्रत्येक उपाय म्हणजे एकेक जिग आहे. चोर प्रत्येकाला वळसा शोधतो. त्या वळशांचा माग काढणे हे अभ्यासकाचे रोजचे काम.

या कामाच्या वाटा अनेक आहेत. प्रोग्रॅमिंग येणाऱ्याने एपीके उघडण्यापासून सुरुवात करावी. ती मुळात झिप फाइलच असते आणि आत एका यादीत ॲप कोणत्या परवानग्या मागते ते लिहिलेले असते. चलन दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस पाठवण्याची परवानगी कशाला, हा प्रश्न त्या यादीवरूनच पडतो. जॅडएक्स, मॉबएसएफ अशी मोफत साधने पुढची चिरफाड करतात. ती स्वतःच्या रोजच्या फोनवर कधीही करू नये. बँक, सिम आणि घरचे वायफाय यांपासून तोडलेले वेगळे यंत्र ठेवावे. ॲप न चालवता वाचणे ही एक पद्धत, बंदिस्त जागी चालवून वागणूक पाहणे ही दुसरी. घातकी ॲप कधी कधी आपण प्रयोगशाळेत आहोत हे ओळखून साळसूद वागते, म्हणून दोन्ही लागतात.

कायद्याच्या अभ्यासकापुढे वेगळा पेच आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले की, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा फसवणुकीची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे. मग मेहुण्याच्या नंबरवरून आलेली पत्रिका उघडणे हा निष्काळजीपणा मानायचा का? या एका शब्दाच्या अर्थावर कोणाची तरी वर्षाची कमाई टांगलेली असते. आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने खोलीवर चौघांत फिरणारा एक फोन पाहावा, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या पोराच्या फोनवर चालणारे घरच्या चौघांचे व्यवहार पाहावेत. ‘एक माणूस, एक फोन’ हे गृहीतक तिथे मोडते.

हे वाचत असतानाच कोणाच्या फोनवर अशी फाइल बसली असेल, तर शास्त्र नंतर. आधी इंटरनेट आणि सिमचे नेटवर्क तोडावे, म्हणजे विमान मोड लावावा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार द्यावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, तो अडवण्यात मिनिटे मोजावी लागतात. ग्रुपांत सांगावे की माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका. यात लाजण्यासारखे काही नाही. फाइल, मेसेज आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. आणि फोन फॉरमॅट करण्याची घाई पोलिसांना विचारल्याशिवाय करू नये.

शेवटी एक विनंती. इथल्या कारखान्यांत ‘निअर-मिस’ची नोंद ठेवतात. हूकवरून साखळी निसटली पण कोणाला लागले नाही, तरी ते लिहायचे. कारण आज जे थोडक्यात चुकले, ते उद्या कोणाच्या तरी डोक्यावर पडते. त्या नोंदीत कोणाला दोष देत नाहीत. फोनसाठीही अशी वही हवी: शॉपफ्लोअरवर, सोसायटीच्या ऑफिसात, आयटीआयच्या वर्गात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. तारीख, वेळ, फाइलचे नाव, कोणाच्या नावाने आली, मेसेजचे शब्द जसेच्या तसे, आणि आपण कुठे थांबलो किंवा का थांबलो नाही. सहा रकाने पुरतात. एका कारखान्याची वर्षभराची अशी वही हाती आली, तर कोणते सोंग कोणत्या महिन्यात येते हे तिच्यातून वाचता येईल, आणि पुढच्या वर्षी त्या महिन्याआधी गेटवर सांगता येईल. तुमच्या ग्रुपात पुढची फाइल पडेल तेव्हा ती डिलीट करण्याआधी तिची ओळ वहीत लिहा. या विषयातले तुमचे पहिले काम तेच.